पिंढऱ्या आवळून

मोठीने परवा फोनवर विचारलं, ‘आजी, नुसतं उभं राहिल्यावर कोणी कसं पडतं?’ मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगितलं असतं तर मी हसून वेळ मारून नेली असती. लिहायला बसलं की मला तसं करता येत नाही.

यंदा जूनमध्ये मी तुमच्याकडे यायचं ठरलं, तेव्हा तुमच्या बाबाने एकच अट घातली होती. ‘आई, डॉक्टरांनी लेखी दिलं तरच तिकीट पक्कं करतो. एकटीने यायचं आहे तुला, वाटेत विमान बदलायचं आहे.’ अट रास्त होती. मोठीला मी ती रांगत असताना मांडीवर घेतलं आहे. धाकट्याला मात्र मी अजून हातसुद्धा लावलेला नाही. तो मला हात लावतो म्हणजे फोनच्या काचेला लावतो. त्या कागदासाठी मी काय काय केलं, ते आता सांगते.

मी रोज सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाऊ लागले. सोबत समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण. तिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागा असलेलं. नवऱ्याचं इथे शेतीच्या औषधांचं दुकान आहे. मला ती काकू म्हणते आणि माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. ती गप्पा मारत सावकाश चालणारी, मी घड्याळ लावून चालणारी. ‘काकू, गाडी सुटतीये का तुमची?’ असं ती मागून विचारायची. मी थांबत नसे. मला गाडी नाही, विमान गाठायचं होतं.

ट्रॅकवर ज्येष्ठ नागरिकांचा एक गट रोज सकाळी जमतो. मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत जीवशास्त्र शिकवलं हे त्यांना कळलं, आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी यावर दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. मला आग्रह फार करावा लागला नाही. विषय मला इंग्रजीत पाठ होता, म्हणून आदल्या संध्याकाळी बसून मराठी शब्द शोधून ठेवले.

मी त्यांना आमच्या सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण दिलं. टाकी गच्चीवर, आणि मी राहते सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी इतकी जवळ म्हणजे पाणी भरपूर येत असेल, असं कोणालाही वाटेल. पण सकाळी खालच्या मजल्यांनी एकदम नळ सोडले की माझ्या नळाला करंगळीएवढी धार राहते. शरीराचंही तसंच आहे, असं मी म्हटलं. रक्त ठरावीक आणि पंप एकच. स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा स्नायूंचे नळ जवळजवळ बंद असतात. चालायला लागलो की ते उघडतात, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. उन्हाळ्यात त्वचेचेही नळ उघडतात, कारण आतली उष्णता बाहेर टाकायची तर रक्त त्वचेजवळ न्यावं लागतं. चेहरा लाल होतो तो त्यामुळे. हृदय जोराने चालून सगळ्यांना पुरवत राहतं. त्यात मदत करतात पिंढऱ्या. प्रत्येक पावलाला त्या आवळतात आणि पायांच्या शिरांमधलं रक्त वर ढकलतात. आपण एकदम थांबलो की हे ढकलणं थांबतं, नळ मात्र उघडेच राहतात. रक्त पायांत साठतं आणि वरच्या मजल्याला, म्हणजे डोक्याला, कमी पडतं.

‘म्हणजे मॅडम, टॉप फ्लोअरचा मेंटेनन्स जास्त घ्यायला हवा,’ एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि सूचना सांगितल्या. चालणं हळूहळू थांबवा. पाणी प्या, दोन घास खा. आल्या आल्या गरम पाण्याची अंघोळ करू नका, विशेषतः ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्यांनी. टाळ्या पडल्या. शेजारणीने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

यातलं काहीही मी स्वतः पाळत नव्हते.

माझ्या माहेरी पारोशा तोंडाने चहासुद्धा मिळत नसे. पारोसं म्हणजे अंघोळ न केलेलं. अंघोळ, देवपूजा, मग चहा. शाळेत मी मुलींना उपाशीपोटी येऊ नका म्हणून सांगत असे आणि घरी स्वतः पूजा झाल्याशिवाय घोट घेत नसे. एकीकडे जे शिकवलं ते दुसरीकडे लागू होतं, हे मला कधी सुचलंच नाही. त्यातून मला अंघोळीला पाणी कढत लागतं. तुमचे आजोबा बाथरूमच्या दाराबाहेर वाफ आली की विचारायचे, ‘आत बटाटे उकडताहेत का?’

मी पडले त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आपल्याकडे या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि नैवेद्य दाखवतात. तुमच्या आजोबांची घागर भरायची होती, स्वयंपाक सोवळ्यात करायचा होता. डॉक्टरांकडे जायची तारीखही जवळ आली होती, म्हणून मी चालणं चुकवलं नाही. उलट दोन फेऱ्या जास्त मारल्या, त्याही झपाझप. ऊन सकाळीच चटका देत होतं. घरी येऊन उशीर झाला म्हणून घोटभर पाण्याबरोबर ब्लडप्रेशरची गोळी घेतली आणि थेट बाथरूममध्ये गेले. घरात मी एकटी असते, तरीही आतून कडी लावली. मी ती नेहमीच लावते.

अंघोळ बसून केली. टॉवेल घ्यायला उठले, आणि समोरच्या फरशा आधी राखाडी झाल्या, मग दूर गेल्या. नळाचा आवाज शेजारच्या इमारतीतून आल्यासारखा येऊ लागला. नंतरचं आठवत नाही. जाग आली तेव्हा गाल फरशीला टेकलेला होता आणि डोकं अगदी स्वच्छ होतं. आडवं झाल्यावर रक्ताला वर चढावं लागत नाही, ते आपोआप डोक्याकडे येतं. भोवळ आलेलं माणूस खाली पडतं हा शरीराने केलेला इलाजच असतो, असंही मी वर्गात सांगत असे. काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी बादली उपडी केली, पाय तिच्यावर ठेवले आणि पडून राहिले. कुठे लागलेलंही नव्हतं. आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले असते तर मला इथे काही लिहावं लागलं नसतं.

तेवढ्यात बेल वाजली, पुन्हा वाजली, मग किल्ली फिरली. ‘काकू, आंबे आणलेत माहेरचे, ओट्यावर ठेवते,’ असा शेजारणीचा आवाज आला. आणि तिच्या मागे एक खोकला. तिचा नवरा पेटी घेऊन आला होता.

माझ्या अंगावर काहीही नव्हतं. मधे बंद दार होतं, कडी लावलेली होती, तो माणूस स्वयंपाकघरात होता. तरीही मला आधी गाऊन अंगावर घ्यायचा होता, आणि गाऊन वरच्या खुंटीवर होता. उठू नये हे मला माहीत होतं. मी उठले, तेही झटकन.

या वेळी पडताना मनगट अंगाखाली आलं.

‘काकू? काय पडलं?’

‘काही नाही. बादली.’

‘बादली अशी ओरडत नाय, काकू. दार उघडा.’

‘हात पोचत नाही कडीपर्यंत.’

‘मग यांना दार ढकलायला सांगते.’

‘नको. आधी मला कपडे घालू दे.’

‘घाला की मग.’

‘उठता येत नाही.’

तिने दार हलवून पाहिलं. मग म्हणाली, ‘उठता येत नाय तर कपडे कसे घालणार? तुम्हीच सांगा, तुम्ही टीचर आहात.’

‘त्यांना घराबाहेर पाठव.’

‘त्यांना बाहेर पाठवून दार कोण तोडणार, मी? दोन आंब्याच्या पेट्या नाय उचलवत माझ्याच्याने.’

‘मी डोळे मिटून ढकलतो, काकू,’ तिचा नवरा म्हणाला.

‘हो, म्हणजे भिंत ढकलाल,’ ती त्याला म्हणाली.

शेवटी मीच, फरशीवरून, वर्गात देत असे त्या आवाजात सूचना दिली: त्यांनी दाराकडे पाठ करावी, पाठीने ढकलावं, आणि दार उघडलं की मागे न वळता सरळ समोर चालत जिन्यापर्यंत जावं. त्या भल्या माणसाने तसंच केलं. कडी निघाली, आणि त्याची पावलं घाईने दाराबाहेर गेलेली ऐकू आली. शेजारणीने पलंगावरची चादर आणून माझ्यावर टाकली.

माझं डोकं रक्ताला मुकलं होतं आणि चेहरा मात्र जळत होता. लाज वाटते तेव्हा चेहऱ्याच्या त्वचेतल्या वाहिन्या अशाच रुंद होतात, जशा उन्हात आणि व्यायामाने होतात. तेवढ्या शुद्धीत मला ते आठवलं, आणि मग आणखी लाज वाटली, की अशा वेळीसुद्धा मी मनात धडा वाचते आहे.

पाय कशावर ठेवू, असं ती विचारत होती. मी बादलीकडे बोट दाखवलं.

‘तुमचं भाषण मी ऐकलं होतं बरं का, काकू,’ ती माझे पाय उचलताना म्हणाली. ‘आल्या आल्या गरम पाणी नको. मी तर टाळ्याबी वाजवल्या.’

हॉस्पिटलात प्लास्टर घालून दुपारी आम्ही परतलो. घागर भरायची राहिली होती. माझ्याने तांब्याही उचलवत नव्हता. शेजारणीने न विचारता तिच्या सासऱ्यांच्या घागरीशेजारी आणखी एक घागर मांडली आणि मला त्यांच्या घरी खुर्चीत बसवलं. ‘काकांना पुरणपोळी चालायची ना?’ तिने विचारलं. चालायची. आवडायची. पण त्यांचा नैवेद्य दुसऱ्याच्या घरी, दुसरीच्या हातचा, आणि मी तिथे पाहुणीसारखी बसलेली. तिने इतकं मनापासून केलं त्याचे आभारही मला नीट मानता आले नाहीत.

तुमच्या बाबाला तिने लगेच फोन केला होता. तो ओरडला नाही. ‘डॉक्टरांना सगळं सांग आणि त्या काय म्हणतात ते मला सांग,’ एवढंच म्हणाला. राखून ठेवलेलं तिकीट त्याने अजून सोडलं नव्हतं. ते मी दोनदा विचारून घेतलं.

आठवड्याने आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ही डॉक्टर माझी विद्यार्थिनी. तिला दोन वेण्या होत्या तेव्हापासून मी तिला ओळखते. ती अजून मला टीचर म्हणते आणि मी आत गेले की उभी राहते. शेजारीण सोबत होती, ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

तपासणी साधी असते. आधी थोडा वेळ आडवं झोपवतात आणि ब्लडप्रेशर मोजतात. मग उभं करून पुन्हा मोजतात. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. धडधाकट शरीर लगेच वाहिन्या आवळून दाब सांभाळतं. म्हातारपणी, आणि काही गोळ्यांमुळे, ते जमायला वेळ लागतो. उभं राहिल्यावर आकडा फार खाली आला तर माणूस पुन्हा पडू शकतो, आणि मग एकट्याने प्रवासाची परवानगी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. उभं असताना पिंढऱ्या आणि मांड्या घट्ट आवळून धरल्या, तर शिरांमधलं रक्त पिळल्यासारखं वर जातं आणि आकडा तितका पडत नाही. ज्यांना उभ्या उभ्या भोवळ येते त्यांना ही युक्ती मुद्दाम शिकवतात, घसरणारा दाब सावरायला. तपासणीच्या वेळी मात्र पाय सैलच ठेवायचे असतात, नाहीतर तपासायचं काय?

मी आडवी झाले, तिने मोजलं. ‘आता उभ्या राहा, टीचर. सावकाश.’ मी उभी राहिले आणि साडीच्या आत दोन्ही पाय कमरेपासून टाचेपर्यंत आवळले. बाहेरून काहीच दिसत नाही. मी खिडकीकडे बघत होते. श्वास चढू लागला तो नाकाने हळू सोडत राहिले. धाकट्याच्या पोटाला गुदगुल्या केल्यावर तो प्रत्यक्षात कसा हसेल, एवढंच मनात होतं. पट्टा फुगला आणि सुटला.

‘छान आहे, टीचर. फारसा फरक नाही.’ तिने थोडं थांबून आणखी एकदा मोजलं. तेही बरं आलं. ती टेबलाकडे गेली आणि लिहायला कागद ओढला. ‘म्हणजे त्या दिवशी रिकामं पोट, ऊन आणि गरम पाणी, एवढंच नडलं म्हणायचं. जाऊन या जूनमध्ये. फक्त काळजी घ्या.’

मी अजून उभीच होते. आकडा मिळाला तरी पाय सोडायचं भान मला राहिलं नव्हतं.

‘काकू,’ शेजारीण कोपऱ्यातून म्हणाली, ‘थंडी वाजतीये का? निऱ्या थरथरतायत तुमच्या. एसी कमी करायला सांगू का?’

बाहेर मे महिना होता. डॉक्टरने मान वर केली. तिने माझ्या निऱ्यांकडे पाहिलं. त्या खरंच थरथरत होत्या, वाऱ्यावर असल्यासारख्या. मग तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्या वर्गात एखादी मुलगी परीक्षेत दुसरीचं बघून लिहिताना सापडली की मी तिचा पेपर काढून घेत असे आणि तिला सगळ्यांसमोर उभी करत असे. ही मुलगी ते सगळं पाहत मोठी झालेली. तिने पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

चेहरा पुन्हा पेटला. या वेळी रक्त मुळीच कमी नव्हतं.

‘पुन्हा मोज,’ मी म्हटलं. ‘मी पाय आवळून धरले होते.’

‘म्हणजे काय?’ शेजारणीने विचारलं.

‘म्हणजे कॉपी केली.’

‘तुम्ही?’ ती म्हणाली, आणि मग खाली बघू लागली.

मी पुन्हा आडवी झाले. छताकडे बघताना मनात हिशेब चालूच होता, की सैल सोडूनही कदाचित बरा येईल. इतकं झाल्यावरही मी ती आशा सोडली नव्हती. मग उभी राहिले, पाय सोडून. पावलं जड आणि कोमट झाली. कानांत कापूस भरल्यासारखं झालं. खिडकीची कड राखाडी दिसू लागली तोवर तिने माझा दंड धरला होता. ‘बसा, टीचर.’ आकडा तिने मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

मी सावरल्यावर तिने गोळी बदलून दिली, पाणी किती प्यायचं, कसं टप्प्याटप्प्याने उठायचं ते सांगितलं. हे सगळं मीच तिला कधीकाळी शिकवलेलं असावं, पण ती जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सावकाश सांगत होती. ‘जूनमध्ये एकट्याने नाही. तासन्‌तास बसायचं, मग उठायचं, आणि विमानाच्या बाथरूमला तुम्ही कडी लावणारच.’ ती थोडी हसली. ‘दिवाळीच्या सुमाराला परत बघू. सोबत कोणी असेल तर तेव्हा हरकत नसावी.’ तिने लिहिलेला कागद खणात टाकला आणि दुसरा घेतला. मी निघाले तेव्हा ती नेहमीसारखी उभी राहिली. ती उभी राहिली नसती तर बरं झालं असतं.

रिक्षात शेजारीण बाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, ‘माझंच तोंड बंद ठेवायला पायजे होतं.’

‘तुझा काय दोष?’

‘मला काय ठाऊक, मला वाटलं एसी. तुमचं नातवंडांकडे जायचं मोडलं ना माझ्यामुळं.’ तिचे डोळे भरले होते. तिला कसं समजवावं ते मला कळेना. मी खोटेपणा केला होता आणि रडत ती होती. मी माझा चांगला हात तिच्या हातावर ठेवला. तिने तो दाबला, आणि मला वाटतं तिने मला माफ केलं नव्हतं, कारण तिला माफ करण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

संध्याकाळी तुमचा फोन आला. तुमच्या बाबाला मी सगळं सांगितलं, पिंढऱ्यांसकट. तो ऐकत राहिला. ‘बरं झालं पुन्हा मोजायला लावलंस,’ म्हणाला, आणि तोंड फिरवून चष्मा पुसू लागला. परवानगी मिळाल्याची बातमी सांगायला म्हणून नेसलेली नवी साडी अजून माझ्या अंगावर होती, ते त्याच्या लक्षात आलं असेल की नाही, कोण जाणे.

मग धाकट्याने फोन ओढून घेतला. त्याला मला काही दाखवायचं होतं. तो फोन घेऊन धावत त्याच्या खोलीत गेला, म्हणून मला आधी जमीन दिसली, मग त्याचे पाय, मग कपाट. त्याने माझ्या कपड्यांसाठी सगळ्यात खालचा खण रिकामा केला होता. आत एक मोजासुद्धा नव्हता. मी येत नाही, असं मी त्याला सांगितलं. का येत नाही ते त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, ‘मग इथे डायनासोर ठेवू?’

‘ठेव,’ मी म्हटलं.

त्याने फोन जमिनीवर उताणा ठेवला. मला तुमच्या खोलीचं छत दिसत होतं, आणि खणात एकेक डायनासोर पडल्याचा आवाज ऐकू येत होता.